बाग भाड्याने मिळेल!

दोस्तांनो, मुंबईच्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली असेल, तर रुळांच्या कडेला पालकाचे नि मुळ्याचे हिरवेगार वाफे तुम्ही कधीतरी पाहिले असतील. ही जमीन रेल्वेची. ‘ग्रो मोअर फूड’ म्हणजे ‘जास्त धान्य पिकवा’ या योजनेखाली रेल्वेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना भाजी पिकवायला दिली होती. (त्या भाजीला पाणी कुठलं घालतात यावरून पुष्कळ ओरड झाली, पण तो विषय वेगळा!)

आता मनातल्या मनात गाडी बदला आणि जर्मनीतल्या आगगाडीत बसा. शहर जवळ आलं, की इथेही रुळांच्या कडेला काहीतरी दिसू लागतं. छोटी छोटी लाकडी खोपटी, एकाला लागून एक, शेकड्यांनी! आपल्याकडून पहिल्यांदा गेलेल्या पाहुण्याला वाटतं, “अरेच्चा, इथेही झोपडपट्टी?” पण जरा निरखून बघा. प्रत्येक खोपटाभोवती नीट कातरलेलं कुंपण आहे. आत सफरचंदाचं झाड आहे, बटाट्याचे वाफे आहेत, घेवड्याचे वेल काठ्यांवर चढले आहेत. आणि गंमत म्हणजे तिथे कुणीच राहत नाही. ही सगळी माणसं राहतात शहरात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. संध्याकाळी नि सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग मारून येतात, खुरपतात, पाणी घालतात आणि घरी जातात. या आहेत भाड्याच्या बागा!

जर्मन भाषेत त्यांना ‘क्लाइनगार्टन’ म्हणजे ‘लहान बाग’ म्हणतात. साऱ्या देशात मिळून त्या नऊ लाखांच्या आसपास आहेत. बोलताना मात्र लोक ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात, म्हणजे श्रेबरची बाग. हा श्रेबर कोण? मोठा बागवान असणार, असंच वाटतं ना? चूक! त्याने अशी एकही बाग काढली नाही.

डॉ. मोरिट्झ श्रेबर हे लाइपझिग शहरातले डॉक्टर. कारखाने वाढले, वस्ती दाटली, मुलांना खेळायला जागा उरली नाही, याची त्यांना काळजी वाटे. मुलांनी मोकळ्या हवेत व्यायाम करावा, असं ते लिहीत. इथपर्यंत छान! पण मुलांनी पोक काढून बसू नये म्हणून याच गृहस्थांनी पट्टे नि लोखंडी दांडे लावलेली यंत्रंही काढली होती. लिहिताना पुढे वाकलात, की दांडा छातीला अडलाच! अशा माणसाचं नाव आज खेळत्या-बागडत्या बागांना आहे, याचं मला तरी हसूच येतं.

श्रेबर वारले १८६१ मध्ये. त्यानंतर लाइपझिगच्याच हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संस्था काढली, तिला श्रेबरांचं नाव दिलं आणि १८६५ मध्ये मुलांसाठी एक मैदान तयार झालं. मग गेझेल नावाच्या शिक्षकांना वाटलं, मुलांनी नुसतं खेळण्याऐवजी थोडी मातीही उकरावी. त्यांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे पाडले. मुलं खूश! आठ दिवस उत्साहाने पाणी घातलं असेल. पुढे काय झालं ते तुम्हीच ओळखा. तुमच्या शाळेतल्या बागेचं मे महिन्याच्या सुट्टीत जे होतं, तेच! मुलं खेळायला पळाली आणि वाफ्यात तण माजलं. शेवटी आई-बाबांनी खुरपी हातात घेतली. मुलांचे वाफे घराघराचे वाफे झाले, त्यांना कुंपणं आली, खोपटी आली. थोडक्यात काय, तर मुलांच्या आळसातून ही सगळी चळवळ उभी राहिली. (घरी हे उदाहरण देऊ नका हं!)

समजा, तुम्ही बर्लिनमध्ये राहता आणि तुम्हाला अशी बाग हवी आहे. करार मोठ्या माणसाच्या नावावर होणार, म्हणून बाबांना किंवा आईला गळ घालायची. आधी नाव नोंदवायचं आणि थांबायचं. किती? मोठ्या शहरात काही वर्षंसुद्धा! नंबर लागला, की बागेत आधीच्या भाडेकरूने बांधलेलं खोपटं, लावलेली झाडं, झुडपं यांची किंमत जाणकार माणूस ठरवतो. ती तुम्ही त्याला द्यायची. म्हणजे बघा, जमीन त्याची नव्हतीच, तुमचीही होणार नाही, पण त्याने लावलेलं सफरचंदाचं झाड मात्र त्याचं होतं. मग करारावर सही, संस्थेची वर्गणी आणि वर्षाचा खंड. खंड म्हणजे कसायला घेतलेल्या जमिनीचं भाडं, गावाकडच्या मुलांना हा शब्द ठाऊक असेल. हा खंड इतका कमी असतो, की बागेचं वर्षाचं भाडं शहरातल्या घराच्या एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी भरतं!

इतकं स्वस्त कसं? इथेच खरी मेख आहे.

१९८३ मध्ये जर्मनीत या बागांसाठी कायदा झाला. एक बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी असू नये, म्हणजे आपले जेमतेम चार गुंठे. खोपटं ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत, आणि ते कायमचं राहण्याजोगं नको. जमीनमालकाने खंड किती घ्यावा, यालाही कायद्याने वेसण घातली आहे. त्या भागात फळं-भाजीपाला पिकवणारा व्यावसायिक शेतकरी जमिनीचा जो खंड भरतो, त्याच्या फार तर चौपट. शहरात इमारतीच्या जागेला जो भाव येतो, त्यापुढे ही चौपट म्हणजे चणे-फुटाणे!

पण स्वस्त जमीन हवी, तर तिच्यात खायचं पिकवलं पाहिजे. साधारण तिसऱ्या हिश्श्यात फळं, भाजी असलीच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं. नुसती हिरवळ लावून वर आरामखुर्ची टाकलीत, की चालायचं नाही. कारण मग ती बाग राहत नाही, सुट्टीचा बंगलाच होतो, आणि बंगल्याला भाजीच्या भावाने जमीन का द्यावी, असं मालक म्हणणारच. म्हणून संस्थेचे लोक येऊन बघून जातात. कुंपण छातीपेक्षा उंच नको, अक्रोडासारखं मोठं झाड नको (त्याच्या सावलीत शेजाऱ्याची भाजी कशी वाढणार?), दुपारच्या वेळी गवत कापायच्या यंत्राची घरघर नको. वर्षातले काही तास सगळ्यांनी मिळून रस्ते, कुंपणं दुरुस्त करायची. हिवाळ्यात नळ फुटू नयेत म्हणून पाणीच बंद! हे नियम वाचून जर्मन माणसंसुद्धा कपाळाला हात लावतात. मलाही दोन-चार नियम जाचक वाटतात. पण तिसऱ्या हिश्श्याचा नियम मात्र मला पटतो.

का, ते भुकेची गोष्ट ऐकलीत की कळेल. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं तेव्हा बर्लिनमध्ये घरं पडलेली, दुकानं रिकामी. शहराच्या मधोमध असलेल्या टिअरगार्टन या प्रसिद्ध उद्यानातली झाडं सरपणासाठी तुटली आणि तिथे बटाटे नि भाजी लावली गेली. ज्यांच्याकडे भाड्याची बाग होती, त्यांच्याकडे निदान कोबी-बटाटा तरी होता. ज्यांचं घर बॉम्बने गेलं, त्यांतल्या कित्येकांनी बागेतल्या खोपटातच संसार मांडला. एका खोलीत चूल, अंथरूण, सगळं!

आणि १९६१ मध्ये बर्लिनच्या मध्यातून भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिन एका बाजूला, पूर्व जर्मनी दुसऱ्या बाजूला. आता पंचाईत बघा. एर्लेनग्रुंड आणि फिख्टेविझे नावाच्या दोन बागवसाहती होत्या पश्चिम बर्लिनच्या, पण चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेल्या. बागवाले भिंतीच्या अलीकडे, वाफे पलीकडे! मग व्हायचं असं, की माणूस भिंतीतल्या फाटकापाशी जाऊन घंटा वाजवायचा. आतून पूर्व जर्मनीचे बंदूकधारी पहारेकरी यायचे, ओळखपत्र तपासायचे, मग सरहद्दीच्या पट्ट्यातून त्याला पलीकडे सोडायचे. घरी परतताना पुन्हा तेच. मुळ्यांना पाणी घालायला जायचं, तर देशाची सरहद्द ओलांडायची! पण लोकांनी बागा सोडल्या नाहीत. १९८८ मध्ये दोन्ही बाजूंनी जमिनींची अदलाबदल केली, तेव्हा कुठे तिथे सरळ जाता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी भिंतही उघडली.

आज बर्लिनमध्ये अशा सत्तर हजारांच्या आसपास बागा आहेत. पण शहरात माणसं वाढली, घरं अपुरी पडू लागली, भाडी भडकली. चार गुंठ्यांत एकच कुटुंब कोबी लावणार, त्याच जागेवर इमारत झाली तर कितीतरी कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर येईल, असं काही जण म्हणतात. काही वसाहती अशा गेल्याही. जागा घ्यायची झाली, तर झाडांची नि खोपटाची भरपाई द्यावी लागते. शहराने दुसरीकडे जमीन द्यावी, असंही कायदा म्हणतो, पण ते जमण्यासारखं नसेल तर सूट आहे. शिवाय वीस वर्षं वाढवलेलं सफरचंदाचं झाड काही उचलून नेता येत नाही.

तुमच्या वर्गात दोन गट पाडून बघा बरं. एका गटाने बागवाल्यांची बाजू घ्यायची, दुसऱ्याने घर शोधणाऱ्यांची. आणि वाद रंगला, की मधल्या सुट्टीत बाजू बदला!