गांजाचा झुरका आणि काळजाचे ठोके

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेती उद्ध्वस्त केली, ही बातमी धुळे-जळगावच्या वाचकांना नवी नाही. वर्षानुवर्षे ती येतच असते. किती किलो माल, किती लाखांची किंमत, किती आरोपी, हे सगळे तीत असते. मात्र तोच गांजा आमच्या वस्तीतल्या पोराच्या छातीत गेल्यावर काय करतो, याबद्दल एक ओळही नसते.

'झाडपालाच तर आहे. दारूसारखे लिव्हर सडत नाही. साधू-बैरागी ओढतात, त्यांना कुठे काय होते?' असा युक्तिवाद आम्ही चौकाचौकात ऐकतो. एखाद्या वस्तूवर देवाधर्माचे पांघरूण घातले की ती निर्धोक ठरते, असा हा समज आहे. तो तपासून घेतलाच पाहिजे.

निवांत बसलेल्या निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. गांजाचा धूर ओढल्यावर काही मिनिटांतच हे ठोके २० ते ५० ने वाढू शकतात आणि हा वेग दोन-तीन तास टिकू शकतो. हे काम गांजातील टीएचसी या द्रव्याचे. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हृदयाला पळवणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते आणि त्याला आवरणाऱ्या मज्जातंतूचा लगाम सैल करते. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. मालकाने काम वाढवावे आणि त्याच दिवशी भाकरी कमी करावी, तशी हृदयाची गत होते. उठून उभे राहिले की रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते, ती वेगळीच.

धडधाकट तरुणाची धडधड बहुतेक वेळा आपोआप शमते. आम्हाला भीती घालायची नाही. प्रश्न आहे तो ज्याच्या रक्तवाहिन्या आतून आधीच अरुंद झाल्या आहेत त्याचा, आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नसते. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीपेक्षा ४.८ पट आढळला. २०२४ मध्ये तिथल्याच सव्वाचार लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीत, रोज गांजा घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के आणि पक्षाघाताची ४२ टक्के जास्त दिसली. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कार्यकारणाचा अंतिम पुरावा मिळत नाही. पण सावध होण्यास तो पुरेसा आहे. कारण २००४ च्या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असेही दिसले आहे.

आता खान्देशाकडे पाहा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांना भिडतो. शरीर थंड ठेवण्यासाठीच हृदयाला जादा राबावे लागते. अशा उन्हात रावेर-यावलला केळीचे घड वाहणारा मजूर दुपारी चिलीम ओढतो आणि तंबाखूही त्याच चिलमीत असते. त्याच्या हृदयावर किती ओझी पडली, याचा हिशेब कोणी करायचा?

भांगेचेही तेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्यात येत नाहीत. कायद्याने पान वगळले, तरी त्या पानातही टीएचसी असतेच. प्यायलेली भांग उशिरा चढते. 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि दोन्ही एकदम चढतात.

वकील म्हणून आम्हाला सर्वांत घातक वाटते ती एक भीती. छातीत धडधडत असतानाही मुलगा डॉक्टरपासून गांजा लपवतो. घरचेही लपवतात. पोलीस येतील, असे त्यांना वाटते. म्हणून कायदा नीट समजून घ्या. डॉक्टरला खरे सांगणे हा गुन्हा नाही. रुग्णाचे गुपित राखणे हे २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरचे कर्तव्य आहे, त्याला मोजकेच अपवाद आहेत. गांजा सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ६४अ सांगते, की जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळते. गांजाचे अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

कार्यकर्त्यांनो, विहारात पाचवे शील म्हणून झाल्यावर पाच मिनिटे या विषयावर बोला. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, धाप, घेरी यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करा आणि काय ओढले ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. आणि धुळे-जळगावच्या प्रशासनाकडे एक मागणी लावून धरा: जप्त गांजाचे किलो जाहीर करता, तसे दर तालुक्यात किती जणांना उपचार मिळाले, तो आकडाही जाहीर करा.