बोटांच्या गाठी म्हणजे आमवात नव्हे

"डॉक्टर, बोटं वाकडी व्हायला लागली. आता मी लुळी होणार का?" पन्नाशी ओलांडलेल्या बाई टेबलावर हात ठेवून असे विचारतात, तेव्हा गाठी नेमक्या कुठे आहेत ते मी आधी पाहतो. निम्मे निदान तिथेच होते.

नखाजवळच्या सांध्यावर हाडासारख्या टणक गाठी असतील तर ती बहुधा सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १८व्या शतकात या गाठींची नोंद केली, म्हणून त्यांना त्यांचेच नाव आहे. बोटांच्या मधल्या सांध्यांवर आणि अंगठ्याच्या मुळाशीही हा विकार होतो. हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर झिजते आणि कडेने नवे हाड वाढते, तीच ही गाठ. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांना हा त्रास अधिक सुरू होतो. आईला असेल तर लेकीलाही होण्याचा संभव असतो. गार पाण्यात हात घातल्याने किंवा बोटे मोडल्याने तो होत नाही. सुनांनी निश्चिंत राहावे!

मात्र मनगटे आणि मुठीचे सांधे सुजून मऊ लागत असतील, सकाळी हात तासभर आखडलेले राहत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. तिथे दिवस घालवू नयेत, कारण लवकर औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. झिजेतले आखडणे बहुधा अर्ध्या तासात सुटते.

झिजलेले अस्तर भरून आणणारे औषध आजही नाही. पण गाठ तयार होताना जेवढे दुखते, तेवढे ती पुरी झाल्यावर सहसा दुखत नाही. जास्त छळतो तो अंगठा. चिमटीत १ किलोचा जोर लावला, की अंगठ्याच्या मुळाशी सुमारे १२ किलोचा दाब येतो. म्हणून जाड कपडा हाताने न पिळता नळाला अडकवून पिळावा. कालथ्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड करावा, पातेले दोन्ही तळव्यांवर उचलावे. अंगठ्याला आधार देणारा पट्टा काही आठवडे वापरावा. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून मूठ सावकाश उघडमीट करावी.

दुखल्यास डायक्लोफिनॅकचे मलम आधी लावून पाहावे. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या थोडेच दिवस, आणि रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नकोत.

खरा धोका वाटतो तो बिननावाच्या पुड्यांचा. दोन दिवसांत आराम पडतो, कारण काहींत चक्क स्टिरॉईड मिसळलेले असते. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि हो, बोटातली अंगठी निघते आहे तोवर काढून ठेवा. सांधा फुगल्यावर ती सोनाराकडे कापून घ्यावी लागते.