संक्षारण अभियांत्रिकी : विद्यापीठीय संशोधन व शिक्षण

परिसरातील पदार्थांशी होणाऱ्या रासायनिक वा विद्युत् रासायनिक विक्रियेमुळे धातूची जी झीज होते, तिला संक्षारण म्हणतात. लोखंडाचे गंजणे हा तिचा सर्वपरिचित प्रकार होय. ही झीज मोजून ती रोखण्याच्या विद्येला विद्यापीठांत स्वतंत्र स्थान मिळाले ते विसाव्या शतकात.

केंब्रिज विद्यापीठात यू. आर. एव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात या क्रियेचे विद्युत् रासायनिक स्वरूप प्रयोगांनी दाखविले. त्यांचा थेंबाचा प्रयोग अध्यापनात विशेष उपयुक्त ठरला आहे. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवतात. त्यात पोटॅशियम फेरिसायनाइड व फिनॉल्फ्थॅलीन ही दर्शके मिसळलेली असतात. प्रथम निळे व गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थेंबात विरघळलेला ऑक्सिजन खर्ची पडला की, मध्यभाग निळा होतो (तेथे लोह विरघळत असते), हवेलगतची कड गुलाबी होते आणि दोहोंमध्ये तांबूस गंजाचे कडे उमटते. ऑक्सिजन कमी तेथे धातू झिजतो व गंज मात्र दुसरीकडे साचतो, हे विद्यार्थ्यास डोळ्यांनी दिसते. गाळाखाली वा सांध्याच्या फटीत पोलादाला भोके का पडतात, याचा उलगडा यातूनच होतो.

अमेरिकेत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एच. एच. उलिग व ओहायओ स्टेट विद्यापीठात एम. जी. फाँटॅना यांनी या विषयाच्या अध्यापनाची परंपरा घडविली. उलिग यांनी संपादिलेला संदर्भग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. फाँटॅना यांनी केलेले आठ प्रकारांचे वर्गीकरण झिजेच्या बाह्य रूपावर आधारलेले असल्याने कारखान्यातील अभियंत्यास सोयीचे वाटते.

स्टर्न व गीअरी यांच्या १९५७ च्या सूत्रामुळे काही मिलिव्होल्टांच्या विचलनावरून संक्षारण-प्रवाह थोड्या वेळात काढता येऊ लागला. पोलादाच्या दर चौ. सेंमी.ला १ मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे वर्षास सु. ०·०१२ मिमी. झीज. मात्र झीज सर्वत्र सारखी आहे, हे यातील गृहीत होय. वाहिनी निकामी व्हावयास एक खोल छिद्र पुरते व सरासरी त्याविषयी काहीच सांगत नाही. ५% मिठाच्या फवाऱ्यात, ३५° से. तापमानास घेतलेल्या चाचणीच्या तासांवरून समुद्रकाठच्या पुलाचे आयुष्य वर्षांत सांगणे तर सर्वस्वी असमर्थनीय होय; ती चाचणी विलेपांची तुलना करण्यापुरतीच घ्यावी. म्हणूनच उघड्या हवेत वर्षानुवर्षे ठेवलेल्या नमुन्यांचे वजन करण्याचे कंटाळवाणे काम अभ्यासक्रमातून वगळता येत नाही.

भारतात पवई (मुंबई) येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले आहे. कारैक्कुडी येथील केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्था विद्यापीठाचा भाग नसली, तरी तिच्या संशोधनात संक्षारणास प्रमुख स्थान आहे.