संगणक नवा झाला, व्हीपीएन का अडला?

रात्री उबंटूची नवी आवृत्ती संगणकावर चढवावी, सकाळी नऊच्या ठोक्याला कामाला बसावे आणि कार्यालयाशी जोडणारा व्हीपीएन काही केल्या जुळू नये, हा प्रसंग घरून काम करणाऱ्या अनेकांवर आलेला आहे. फोंड्यात किंवा डिचोलीत बसून पुण्या-बंगळुरूतील कंपनीचे हिशेब सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने व्हीपीएन म्हणजे कार्यालयाचा दरवाजाच. तो बंद, तर दिवस बुडाला. उबंटू २०.०४ या आवृत्तीचा सर्वसाधारण देखभालीचा काळ मे २०२५ मध्ये संपला. त्यामुळे आजवर चालढकल करणाऱ्यांनाही २२.०४ कडे वळावे लागले आणि तेथून पुढे २४.०४ कडे. या वाटेवर सर्वांत जास्त तक्रारी ज्या गोष्टींच्या होतात, त्यांत ओपनव्हीपीएनची जोडणी आहे.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा पासवर्ड पुन्हा टाकून पाहतो. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. काही कार्यालयांत तेवढ्याने खातेच कुलूपबंद होते आणि एका अडचणीच्या दोन होतात. त्यानंतर दोष येतो नव्या आवृत्तीवर: काल चालत होते, आज चालत नाही, म्हणजे अद्ययावत करण्यानेच बिघडले. तर्क साधा आहे आणि बहुतेक वेळा अर्धाच खरा असतो. नव्या आवृत्तीने काही मोडलेले नसते. कार्यालयाच्या व्हीपीएनमध्ये वर्षानुवर्षे राहिलेली एखादी कमजोरी जुनी आवृत्ती निमूटपणे चालवून घेत होती, ती चालवून घेण्यास नव्या आवृत्तीने नकार दिलेला असतो. हा फरक ध्यानी आला की दुरुस्ती कोणी करायची, याचेही उत्तर बदलते.

येथे व्हीपीएन म्हणजे नाव लपवून इंटरनेट पाहण्यासाठी विकत घेतली जाणारी सेवा नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा जो आदेश काढला, तो त्या सेवांविषयी होता. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नसल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले. आपला विषय आहे कार्यालयाने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेला बोगदा. त्याच्या एका टोकाला कंपनीचा सर्व्हर, दुसऱ्या टोकाला घरचा संगणक आणि मधल्या वाटेवरील मजकूर इतरांना वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात.

पडद्यावर 'जोडणी अयशस्वी' एवढेच दिसते. त्यातून काहीच कळत नाही. खरी हकिकत संगणकाच्या नोंदींत असते. जर्नलसीटीएल या आज्ञेने नेटवर्कमॅनेजरच्या नोंदी उघडाव्यात, किंवा त्याहून बरे म्हणजे टर्मिनल उघडून कार्यालयाने दिलेली ओव्हीपीएन फाइल थेट ओपनव्हीपीएनलाच द्यावी. टर्मिनलमधून जोडणी झाली आणि खिडकीतल्या बटणाने झाली नाही, तर दोष त्या खिडकीमागच्या नेटवर्कमॅनेजरचा. दोन्हीकडून झाली नाही, तर मुळाशी जायचे. नोंदी वाचताना शेवटची ओळ नव्हे, पहिली तक्रार शोधावी. शेवटच्या चार ओळी बहुधा पहिल्या चुकीचे पडसाद असतात.

किरकोळ कारणे आधी निकालात काढलेली बरी. आवृत्ती बदलताना उबंटू बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत बंद करतो. त्या भरात नेटवर्कमॅनेजरचे ओपनव्हीपीएनसाठीचे पूरक पॅकेज निघून गेले असेल, तर ते पुन्हा बसवले की काम होते. साठ सेकंदांत टीएलएसची बोलणी पूर्ण झाली नाहीत, अशी नोंद असेल तर बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलेले नाही. तेव्हा घरचे वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा प्रयत्न करावा. तिथून जुळले, तर घरचा राउटर किंवा इंटरनेट पुरवठादार यूडीपीची ११९४ क्रमांकाची वाट अडवत असण्याची शक्यता मोठी. आणि संगणकाच्या घड्याळाकडे एक नजर टाकावी. आतली छोटी बॅटरी संपलेल्या जुन्या यंत्रावर, वीज गेल्यानंतर, तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. मग प्रमाणपत्र 'अद्याप लागू झालेले नाही' अशी विचित्र तक्रार येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे कारण अगदीच दुर्मीळ म्हणता येणार नाही.

हे सारे ठीक असेल, तर बहुतेक वेळा गाडी येऊन थांबते ती प्रमाणपत्रापाशी. २०.०४ वरून २२.०४ वर आलेल्यांना नोंदीत हमखास भेटणारी ओळ म्हणजे 'सीए एमडी टू वीक'. लगेच पुढे प्रमाणपत्राची फाइल उघडता आली नाही, असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, फाइल खराब झाली किंवा तिच्या परवानग्या बिघडल्या. तसे काही नसते. फाइल धडधाकट आहे. तिच्यावरची सही कच्ची आहे.

प्रत्येक कर्मचाऱ्याला कार्यालय एक डिजिटल प्रमाणपत्र देते. 'ही व्यक्ती आपलीच' असे सांगणारी कार्यालयाची सही त्यावर असते. सही करताना संपूर्ण मजकुराचा एका गणिती रीतीने छोटासा ठसा काढतात आणि त्या ठशावर मोहोर उठते. वेगळ्या मजकुराचा तोच ठसा मुद्दाम तयार करता येत नाही, या गृहीतावर साऱ्या व्यवहाराचा विश्वास उभा असतो. एमडी५ या ठसापद्धतीबाबत ते गृहीत २००४ मध्येच कोसळले. शा-१ ही त्यानंतरची. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३ नंतर नव्या सह्यांसाठी तिला नकार दिला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था व गूगल यांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. त्यानंतर शा-१ वरची सही म्हणजे नक्कल करता येईल असा शिक्का ठरली.

तरीही कार्यालयांचे व्हीपीएन चालूच होते. कारण असे, की हे सर्व सर्व्हर एकदा उभारले की कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी तरी एक सर्व्हर बसवला, त्या वेळच्या साधनाने प्रमाणपत्रे काढली आणि तो माणूस दुसऱ्या नोकरीवर निघून गेला. त्या साधनात प्रमाणपत्राची मुदत ठरीव ३६५० दिवसांची, म्हणजे दहा वर्षांची असे. चालते आहे तोवर हात लावू नये, हा कार्यालयीन शहाणपणा आड आला. सही, कूटपद्धती, गुप्त किल्ल्या यांचे गणित करणारे ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर मात्र दरम्यान बदलले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात शा-१ ची सही असलेली प्रमाणपत्रे सर्वांत खालचा, म्हणजे शून्य, सुरक्षास्तर सोडून बाकी सर्व स्तरांवर नाकारली जाऊ लागली. उबंटू २०.०४ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २२.०४ मध्ये ३.० आहे. डेबियन ११ वरून १२ वर जाणाऱ्यालाही हीच पायरी ओलांडावी लागते. म्हणून काल चालणारे आज थांबते. आणि थांबते तेही घरच्याच संगणकावर, सर्व्हरला एक शब्द जाण्यापूर्वी. त्यामुळे कार्यालयातील आयटी विभागाला विचारले तर 'आमच्याकडे तुमची विनंती आलीच नाही' असे प्रामाणिक उत्तर मिळते आणि दोघेही बुचकळ्यात पडतात.

खात्री करून घेणे सोपे आहे. ओपनएसएसएलच्या एक्स५०९ या उपआज्ञेने प्रमाणपत्राचा मजकूर वाचता येतो. त्यातील 'सिग्नेचर अल्गोरिदम' या ओळीत शा-१ किंवा एमडी५ दिसले, की निदान झाले. तिथे शा-२५६ असेल आणि किल्ली २०४८ बिटांची किंवा मोठी असेल, तर प्रमाणपत्र निर्दोष. शोध पुढे न्यावा. जाता जाता मुदतीची तारीखही पाहावी. प्रमाणपत्र पी१२ प्रकारच्या फाइलीत मिळाले असेल, तर आणखी एक गंमत होते. आतले प्रमाणपत्र चांगले असते, पण ज्या पाकिटात ते बंद केले, ते आरसी२ नावाच्या जुन्या कूटपद्धतीने चिकटवलेले असते आणि नवे ओपनएसएसएल ते पाकीट फोडत नाही. ओपनएसएसएलला 'लेगसी' हा पर्याय देऊन एकदा पाकीट उघडावे, नव्या पद्धतीने पुन्हा बंद करावे. एवढे वापरकर्त्याला घरी करता येते, कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरे मोठे कारण मजकूर ज्या कूटपद्धतीत गुंडाळला जातो, त्या सायफरचे. वेगळे काही सांगितले नसेल तर जुने ओपनव्हीपीएन ब्लोफिश वापरत असे. ब्लोफिश मजकुराचे ६४ बिटांचे ठोकळे करते. इतके लहान ठोकळे असले की एकाच किल्लीने सुमारे ३२ जीबी मजकूर गेल्यावर त्यांची पुनरावृत्ती होऊ लागते आणि त्यातून गुपित फुटू शकते, हे फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये 'स्वीट३२' या नावाने दाखवून दिले. ओपनएसएसएल ३.० ने ब्लोफिशला 'लेगसी' म्हणून बाजूच्या खोलीत टाकले, तर ओपनव्हीपीएन २.६ ने बोलणीच एईएस-जीसीएम आणि चाचा२०-पॉली१३०५ या पद्धतींपुरती ठेवली. उबंटू २४.०४ मध्ये हेच २.६ आहे. जुन्या सर्व्हरशी त्याचे सूत जुळले नाही, की काही वेळा नोंदीत 'ऑथ फेल्ड' असे येते. शब्दशः अर्थ, ओळख पटली नाही. पण पूर्ण ओळ वाचली तर पुढे 'समान सायफर सापडला नाही' असा खुलासा असतो. पासवर्ड वारंवार टाकून खाते कुलूपबंद करून घेणारे बहुधा ही ओळ अर्ध्यावरच सोडून दिलेली असते.

सायफरचा प्रश्न पुष्कळदा घरच्या बाजूने सुटतो. सर्व्हर एईएस-२५६-सीबीसी बोलत असेल, तर ओव्हीपीएन फाइलीतल्या 'डेटा-सायफर्स' या ओळीत त्याची भर घालावी. ही पद्धत जुनी असली तरी मोडलेली नाही. सर्व्हरला केवळ ब्लोफिशच येत असेल, तर मात्र तो सर्व्हरच बदलण्याच्या लायकीचा आहे.

प्रमाणपत्राचे तसे नाही. कच्ची सही घरी बसून पक्की करता येत नाही. ती कार्यालयालाच नव्याने द्यावी लागते. त्याला दोन दिवस लागतील की दोन आठवडे, हे त्या कार्यालयावर अवलंबून. तोवर पगाराच्या याद्या अडलेल्या, ग्राहकाचा फोन वाजतो आहे. याच घाईत सर्वांत घातक सल्ला कानावर येतो: संगणकाच्या मुख्य ओपनएसएसएल मांडणीतच सुरक्षास्तर शून्य करून टाका. तसे केले की व्हीपीएन चालू होतो हे खरे. पण त्याबरोबर त्या संगणकावरील ती मांडणी पाळणारा प्रत्येक प्रोग्रॅम कच्च्या सह्या खऱ्या मानू लागतो. एका खोलीची किल्ली सापडत नाही म्हणून साऱ्या घराची कुलुपे काढून ठेवण्यासारखे हे आहे. सर्व्हरची ओळख तपासणेच बंद करा, हा सल्ला तर याहून वाईट. मग समोर कार्यालय आहे की तोतया, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

नाइलाजच असेल, तर सवलत त्या एका जोडणीपुरती ठेवावी. ओव्हीपीएन फाइलीत 'टीएलएस-सायफर' या निर्देशापुढे सुरक्षास्तर शून्य लिहिता येतो, ओपनव्हीपीएन २.६ असेल तर 'टीएलएस-सर्ट-प्रोफाइल' या निर्देशाला 'इनसिक्युअर' हे मूल्य देता येते. नावातच ते काय आहे, हे सांगणारा हा शब्द ज्याने योजला, त्याचे कौतुक केले पाहिजे. हे करण्याआधी आयटी विभागाला लेखी कळवावे. कर्मचाऱ्याने परस्पर केलेली सवलत उद्या काही घडले तर त्याच्याच अंगावर येते.

कधी कधी जोडणी होते आणि तरीही काम होत नाही. कार्यालयाचा अंतर्गत पत्ता आकड्यांत टाकला तर उघडतो, नावाने टाकला तर नाही. हे नावांचे भाषांतर करणाऱ्या डीएनएसचे दुखणे. टर्मिनलमधून ओपनव्हीपीएन चालवले, तर सर्व्हरने सुचवलेला डीएनएस उबंटूत आपोआप लागू होत नाही, त्यासाठी सिस्टमडी-रिझॉल्व्हडशी जोडणारी वेगळी लिपी लागते. म्हणून निदान टर्मिनलमधून करावे आणि रोजचे काम नेटवर्कमॅनेजरमधून, ही विभागणी सोयीची पडते.

आयटी विभागाला लिहिताना 'व्हीपीएन चालत नाही' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर आलो, ओपनव्हीपीएन व ओपनएसएसएलच्या आवृत्त्या काय, नोंदीतली पहिली तक्रार कोणती आणि प्रमाणपत्रावरची सही कोणत्या पद्धतीची, या चार गोष्टी दिल्या तर पत्रव्यवहाराच्या तीन फेऱ्या वाचतात. त्या कार्यालयातील इतरांचे संगणकही आज ना उद्या याच पायरीवर अडणार आहेत, हेही नम्रपणे नमूद करावे. एका माणसाच्या तक्रारीपेक्षा शंभर जणांच्या संभाव्य खोळंब्याची दखल लवकर घेतली जाते. ओव्हीपीएन फाइल मात्र मदतीसाठी कोणालाही, विशेषतः व्हॉट्सॲपच्या गटावर, पाठवू नये. तिच्यात पुष्कळदा खाजगी किल्ली असते आणि ती ज्याच्या हाती गेली, त्याच्या हाती कार्यालयाच्या दाराची अर्धी चावी गेली. फाइल चुकून गेलीच असेल, तर ते प्रमाणपत्र रद्द करण्यास त्याच दिवशी कळवावे.

नवे प्रमाणपत्र हाती आले की ते जुन्या जोडणीत घुसडण्याऐवजी नवी जोडणी तयार करावी. तिच्यात शून्य स्तराची ती ओळ नाही ना, हे पाहावे. नव्याने जुळते अशी खात्री झाल्यावर जुनी जोडणी, जुनी फाइल आणि डाउनलोडच्या कप्प्यात राहिलेली तिची प्रत पुसून टाकावी.