हिमनद्यांच्या देशात वॉल्ट्झ

बॉलरूम नाच शिकणाऱ्यांनो, अलास्काची क्रूझ एकदा तरी कराच! हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. सिॲटल आणि व्हँकुव्हरहून जहाजं सुटतात. बुकिंगआधी नाचाची फरशी केवढी आहे, ते नक्की विचारा.

'इनसाइड पॅसेज'मध्ये बेटांच्या आडोशामुळे पाणी बरंच शांत असतं. अलास्काच्या खुल्या आखातात मात्र जहाज डुलतं. तेव्हा व्हिएनीज वॉल्ट्झच्या गिरक्या सोडा, रुम्बा धरा. पावलं छोटी असतात, तोल सांभाळता येतो.

नाचाच्या बुटांचा तळ स्वेडचा असतो. ओल्या डेकवर नेलात की त्याची लव चिकटून बसते आणि मग पाय फरशीवर नीट सरकत नाही. म्हणून डेकसाठी वेगळा जोड न्या, सोबत तारेचा ब्रशही.

सहल ग्लेशियर बे असलेलीच घ्या, हे माझं ठाम मत. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना परवानगी मिळते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. १७५०च्या सुमारास ही अख्खी खाडी बर्फाखाली होती! हूना लिंगिट लोकांची ही मूळ भूमी. पुढे सरकणाऱ्या बर्फामुळे त्यांना घरं सोडावी लागली होती.

इथल्या मार्जरी हिमनदीचा निळसर कडा पाण्यावर सुमारे ७५ मीटर उभा आहे. बर्फाचा तुकडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. त्या वेळी नाचाचा वर्ग असला तरी डेकवरच थांबा.