काचबिंदूत डोळ्यातलं पाणी कसं बदलतं

काचबिंदूच्या रुग्णाला आपल्या डोळ्याच्या दाबाचा आकडा पाठ असतो. 10 ते 21 मिलिमीटर पारा, एवढा दाब सर्वसाधारण मानतात. हा दाब ज्या पाण्याचा, ते पाणी काचबिंदूच्या प्रत्येक प्रकारात वेगळं असतं.

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. परितारिकेमागची सिलिअरी बॉडी रक्तातले निवडक घटक घेऊन ते तयार करते, मिनिटाला जेमतेम 2 ते 3 मायक्रोलिटर. भिंगाला आणि पारपटलाला रक्तवाहिन्या नाहीत. त्यांचं पोषण मुख्यतः यावरच. मग बाहुलीतून पुढे येऊन ते पारपटल आणि परितारिका यांच्यामधल्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. त्यात प्रथिनं नाममात्र, पण क जीवनसत्त्व रक्ताच्या सुमारे 20 पट असतं.

खुल्या कोनाच्या काचबिंदूत या पाण्यात टीजीएफ-बीटा 2 हे प्रथिन अनेकदा वाढलेलं सापडतं. त्याच्या सांगण्यावरून जाळीतल्या पेशी आपल्याभोवती तंतू साठवत जातात आणि साठलेले तंतू मोडणाऱ्या विकरांना आळा बसतो. गाळणीत गाळ बसावा तशी जाळी तुंबते.

स्यूडोएक्सफोलिएशन या विकारातून होणाऱ्या काचबिंदूत भिंगाच्या पृष्ठभागावर आणि बाहुलीच्या कडेला पांढरट कण जमतात. इथे टीजीएफ-बीटा 1 वाढतं, क जीवनसत्त्व घटतं आणि ऑक्सिडेशनच्या खुणा वाढतात. या विकाराचा एलओएक्सएल1 जनुकाशी असलेला संबंध 2007 मध्ये आइसलँड आणि स्वीडनमधल्या रुग्णांत दिसला.

मधुमेहात किंवा दृष्टिपटलाची शीर तुंबल्यावर होणारा काचबिंदू मला सर्वांत निर्दय वाटतो. प्राणवायूला मुकलेलं दृष्टिपटल व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतं. ते पुढच्या पाण्यात उतरतं, परितारिकेवर आणि कोनात नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात आणि कोन बंद होतो. म्हणून इथे नुसते दाबाचे थेंब पुरत नाहीत. व्हीईजीएफ रोखणारं इंजेक्शन आणि दृष्टिपटलावर लेसर लागतं.

कोन अचानक मिटतो तेव्हा क्रम उलटा असतो. आधी वाट बंद होते, दाब भडकतो, मग रक्त आणि पाणी यांच्यातला पडदा सैल होऊन प्रथिनं आणि दाहाचे रेणू पाण्यात शिरतात.

हे पाणी बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच तपासणीसाठी काढता येतं. नेहमीच्या तपासणीत ते काढत नाहीत. अचानक कोन मिटला तर डोळा असह्य दुखतो, पण खुल्या कोनाचा काचबिंदू बहुधा काहीच जाणवू न देता वाढतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा मधुमेह असेल, तर दाबाबरोबर कोन आणि दृष्टिचेताही तपासून घ्या.