सीमाभागात आंतरसांस्कृतिक क्षमता मोजताना

वेगळ्या भाषेच्या आणि रीतीरिवाजांच्या माणसांशी नीट वागता-बोलता येणे म्हणजे आंतरसांस्कृतिक क्षमता. ती मोजण्यासाठी प्रश्नावली किंवा सुप्त चाचणी वापरतात. प्रश्नावलीत माणूस स्वतःविषयी सांगतो. सुप्त चाचणीत तो शब्द किंवा चित्रे किती वेगाने जुळवतो, यावरून मनातला कल ताडतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात या दोन्हींविषयी गैरसमज होणे सोपे आहे.

पहिला गैरसमज म्हणजे प्रश्नावलीतून क्षमता कळते हा. खरे तर तिच्यातून कळते ते माणसाचे स्वतःविषयीचे मत, आणि सांगणे व वागणे यांत अंतर असू शकते. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर २५१ हॉटेले व खाणावळींत गेले, नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले. हा अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध झाला. सीमाभागात आणखी एक अडचण आहे. १९५६ मध्ये बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवून निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राने नाकारली, आणि २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा ठिकाणी फॉर्म मराठीत आहे की कन्नडमध्ये, विचारणारा कुठल्या बाजूचा, हे बघूनच पुष्कळजण उत्तर देणार.

दुसरा गैरसमज म्हणजे सुप्त चाचणीला फसवता येत नाही, म्हणून तीच खरी, असे मानणे. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांची १९९८ ची प्रसिद्ध सुप्त चाचणी अनेकदा नावांवरून गट ओळखायला लावते. बेळगावात हे जमणे कठीण: पाटील, कुलकर्णी, देसाई ही आडनावे मराठी घरांतही आहेत आणि कन्नड घरांतही. नावांऐवजी लिपी वापरली, तर मराठी शाळेत शिकलेला मुलगा देवनागरी भराभर वाचेल आणि कन्नड अक्षरांपाशी अडखळेल. त्यात वाचनाची सवय दिसते, नावड नव्हे. शिवाय त्याच माणसाची चाचणी पुन्हा घेतली तर गुण बरेच बदलतात, आणि प्रत्यक्ष वागण्याशी त्यांचा संबंध कमजोरच आढळला आहे. एकट्यादुकट्या माणसाला शेरा देण्यासाठी ती वापरू नये.

आवाजावर आधारलेली चाचणी इथे अधिक जुळते. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये माँट्रियलमध्ये द्विभाषिकांकडून एकच मजकूर फ्रेंच आणि इंग्रजीत वाचून घेतला आणि ऐकणाऱ्यांना वेगवेगळी माणसे असल्याचे भासवले. इंग्रजी आवाजांना फ्रेंच विद्यार्थ्यांनीही बऱ्याच बाबतींत वरचे गुण दिले. मराठी-कन्नड अस्खलित बोलणारे बेळगावात सहज सापडतात. पण यातही कळतो तो कलच, क्षमता नव्हे.

दोन भाषा आल्या की क्षमता आलीच, हाही गैरसमजच. ती कामात पाहावी लागते: दवाखान्यातल्या खिडकीशी कन्नड बोलणारी म्हातारी आली, तर कर्मचारी तिची भाषा धरतो का, मोठ्यांशी कन्नड बोलताना आदरासाठी लागणारा ‘री’ न विसरता जोडतो का, गोळ्या कधी घ्यायच्या ते तिच्याच तोंडून पुन्हा वदवून घेतो का. अशा निरीक्षणाला वेळ लागतो आणि दोन्ही भाषा जाणणारा निरीक्षकही लागतो.